नापास झालेली पीयूसी आणि वर्षभराची वही

मार्च २०२५ मधल्या एका शनिवारी सकाळी साताऱ्यात माझी गाडी पीयूसी, म्हणजे धुरातल्या प्रदूषणाच्या, चाचणीत नापास झाली. गाडी २०१८ सालची, पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक आहे, बीएस-४ (भारत स्टेज-४) या प्रदूषण मानकाची. या मानकाच्या पेट्रोल चारचाकीच्या धुरात, इंजिन जागेवर नुसते चालू असताना, ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड असता कामा नये, असा नियम आहे. केंद्रावरच्या मुलाने सायलेन्सरमध्ये सळई खुपसली तेव्हा पडद्यावरचा आकडा चढत चढत ०.७१ वर जाऊन थांबला. त्याने सळई बाहेर काढून पुसली, पुन्हा घातली, तर ०.६८ आला. "सर, हा पिवळा दिवा कधीपासून लागलाय?" त्याने काचेतून आत डोकावत विचारले. इंजिनाच्या आकाराचा तो दिवा दिवाळीपासून लागत होता, आणि गाडी रस्त्यात बंद पडत नाही तोवर त्याचे काही मनावर घ्यायचे नाही, असे मी परस्पर ठरवून टाकले होते.

मागे रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेतले आणि अमुक ठिकाणी गेलात तर सळई न घालताही कागद मिळतो, असे हळू आवाजात सांगितले. मोह झाला, हे कबूल करतो. वैध पीयूसी नसेल तर दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि सोमवारी मला कॉलेजला जायचे होते. पण शेजारच्या सीटवर आण्णा, म्हणजे माझे वडील, बसले होते. एसटीत तीस वर्षे चालक म्हणून काढलेल्या या माणसाने सगळे ऐकले होते. "कागद पास करून काय करतोयस? गाडी पास कर की," एवढेच ते म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

मी कोरेगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकवतो. गोडोलीतल्या घरापासून कॉलेजपर्यंत जाऊन-येऊन सुमारे चाळीस किलोमीटर होतात. बावीस वर्षे मुलांना किर्द आणि खतावणी शिकवणाऱ्या माझ्याकडे स्वतःच्या गाडीची एकही नोंद नव्हती. गाडी किती चालते आणि किती पिते, हे कुणी विचारले तर "देते की पंधरा-सोळाचं" असे मी अंदाजाने सांगत असे. त्या शनिवारी घरी येताना दोनशे पानी वही घेतली. पुढे वर्षभर जे काही झाले ते त्या वहीमुळे झाले.

सोमवारी रजा टाकून गॅरेज गाठले. मिस्त्रींनी स्कॅनर लावून निदान केले की सायलेन्सरच्या सुरुवातीला बसवलेला ऑक्सिजन सेन्सर मेला आहे. हा सेन्सर धुरात प्राणवायू किती उरला हे मोजतो आणि त्यावरून गाडीचा संगणक पेट्रोल किती सोडायचे ते ठरवतो; सेन्सर गेला की संगणक आंधळा होतो आणि इंजिन बंद पडू नये म्हणून हात सैल सोडून पेट्रोल ओततो. जास्तीचे पेट्रोल अर्धवट जळते, त्यातून कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि उरलेसुरले पुढच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले महागडे धातू असतात आणि तो तापून खराब झाला तर खर्च कितीतरी पटीने वाढतो. "अजून दोन-चार महिने चालवली असती तर डबाच गेला असता, सर," मिस्त्री म्हणाले. सेन्सर आणि चार स्पार्क प्लग बदलले, दिवा विझला, आणि त्याच संध्याकाळी गाडी ०.०६ वर पास झाली.

सरासरी काढायची पद्धत जुनीच वापरली. एकाच पंपावर, शक्यतो एकाच नळीने, पहिला खटका पडेपर्यंत टाकी भरायची, किलोमीटर लिहायचे, आणि पुढच्या वेळी तशीच भरून भागाकार करायचा. एका टाकीच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, तीन टाक्यांची सरासरी धरायची, हा नियम मी दुसऱ्याच आठवड्यात घालून घेतला, कारण नळी जरा लवकर सुटली तर अर्ध्या-पाऊण किलोमीटरचा फरक सहज पडतो. दिवा लागलेला असतानाच्या पावत्या सुदैवाने डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडल्या. त्यावरून गाडी लिटरला १३.४ किलोमीटर देत होती असे निघाले. दुरुस्तीनंतर तीच १५.४ वर आली. ही दोन किलोमीटरची वाढ मी बचतीत धरलेली नाही. ज्याला आम्ही वर्गात चूक दुरुस्तीची नोंद म्हणतो, ती ही. खरा हिशेब १५.४ पासून सुरू होतो.

टायरच्या हवेचे फारसे लांबवत नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवर ३३ पीएसआय असे छापलेले होते आणि माझ्या चार चाकांत २४, २६, २५ आणि २७ होती. निरोगी टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपोआप कमी होते, आणि मी सर्व्हिसिंगशिवाय कधी ती बघितलेली नव्हती. आता घरी एक छोटा डिजिटल गेज आहे; पंधरा दिवसांतून एकदा सकाळी, गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना मोजतो, कारण पंपापर्यंत चालवत नेल्यावर टायर तापून आकडा फुगलेला दिसतो. यातून सरासरीत वाढ झाली ती जेमतेम चार दशांशांची, १५.८ पर्यंत. मात्र टायरची कडेची झीज थांबली, आणि टायर झिजतो म्हणजे त्याचा भुगा रस्त्यावर, तिथून पावसाबरोबर गटारात आणि ओढ्यात जातो, हे लक्षात घेतले तर तो फायदा पेट्रोलहून कमी नाही. नायट्रोजन भरून घ्या, असा आग्रह एकाने केला होता. साध्या हवेत तो ७८ टक्के आधीच असतो, म्हणून मी उरलेल्या २२ टक्क्यांसाठी पैसे मोजले नाहीत.

मोठा फरक पडला तो उजव्या पायाने, आणि तो सुधारायला चार महिने लागले. कोरेगाव रस्त्यावर गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर असतात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, मोठ्या आवाजात गाणी लावून पंचवीसच्या वेगाने चाललेले. माझी पद्धत अशी होती की ट्रॉलीच्या बुडाला गाडी चिकटवायची, समोरून वाट मोकळी दिसली की दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडेपर्यंत पाय दाबायचा, पुढे जायचे, आणि तीनशे मीटरवर पुढच्या ट्रॉलीमागे कचकन ब्रेक मारायचा. पेट्रोल जाळून मिळवलेला वेग ब्रेकवर घासून फेकून द्यायचा, असा तो उद्योग. एके दिवशी आण्णांना कोरेगावला पाहुण्यांकडे सोडायचे होते. तीन ट्रॉल्या ओलांडून झाल्यावर ते म्हणाले, "तुझं केपीटीएल काय येतंय?" एसटीत दहा लिटर डिझेलवर गाडी किती किलोमीटर गेली हे मोजतात, त्याला केपीटीएल म्हणतात, आणि चालकांच्या बोलण्यात तो शब्द सरासरीसारखा रुळलेला आहे. मी एकशे अठ्ठावन्न सांगितले. "एवढ्याशा गाडीला?" असे म्हणून त्यांनी येताना किल्ली मागून घेतली.

परतीच्या त्या वीस किलोमीटरांत मी प्रथमच त्यांच्या पायाकडे बघितले. सत्तरी ओलांडलेला हा माणूस ट्रॉलीमागे चांगले चार गाड्यांचे अंतर ठेवून तिसऱ्या गिअरमध्ये निवांत चालला होता. समोरचा गतिरोधक दीडशे मीटरवर दिसला की पाय उचलायचा. गाडी आपोआप मंदावत तिथे पोचायची आणि ब्रेकला पाय लागायचा तो नावापुरता. गिअर लवकर बदलायचे, इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवायचे, आणि वाट खरोखर लांबवर मोकळी असेल तेव्हाच ओलांडायचे. घरी पोचलो तेव्हा घड्याळ बघितले. माझ्या नेहमीच्या वेळेपेक्षा चार मिनिटे जास्त लागली होती. चार मिनिटांसाठी मी इतकी वर्षे काय करत होतो, हा प्रश्न मी वहीत लिहिलेला नाही, पण तो त्या तारखेजवळ कायम दिसतो.

आण्णांशी माझा खरा वाद होता तो घाटाचा. घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली की पेट्रोल वाचते, हे आमच्या स्टाफरूममध्ये सर्वमान्य आहे. काही जण तर किल्ली फिरवून इंजिनच बंद करतात. आण्णांना हे ऐकूनच संताप येतो. "गेरमध्ये ठेव गाडी. ब्रेक तापलं म्हंजे ते कुणाच्या बापाचं ऐकत न्हाईत," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत दोन-तीन दाबांत संपते, पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली जरा जास्त फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊन बसते, हे मलाही मान्य होते. माझे म्हणणे एवढेच की सुरक्षेसाठी गिअरमध्ये उतरायचे असेल तर त्याची किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते.

हा वाद मिटवायला एक छोटे यंत्र आणले. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते, मिस्त्रींचा स्कॅनर लागतो तेच. त्यात काडेपेटीएवढा एक डोंगल बसवला की इंजिन या क्षणी किती पेट्रोल घेते आहे ते मोबाइलवर दिसते. पावसाळा संपता संपता एका रविवारी पहाटे आम्ही दोघे यवतेश्वरला गेलो. वर पोचल्यावर चहा घेतला आणि न्यूट्रलमध्ये उतरायला लागलो. डावीकडे दरी, समोर अजिंक्यतारा, धुक्यात खाली शहराचे दिवे, मोबाइल आण्णांच्या हातात आणि ते दर वळणाला आकडा वाचत होते, "शून्य पूर्णांक सात... सात... आठ." ताशी ०.७ लिटर. इंजिन जागेवर चालू ठेवायला लागते तेवढे पेट्रोल ते घेतच होते, आणि दर वळणाला मला ब्रेक दाबावा लागत होता. नऊ मिनिटांत खाली आलो तेव्हा पुढच्या चाकांजवळ करपल्याचा वास येत होता.

ब्रेक थंड होऊ दिले, पुन्हा वर गेलो, आणि या वेळी तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो, तीव्र वळणांना दुसऱ्यात. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि आण्णा म्हणाले, "हे बंद पडलं बहुतेक." बंद पडले नव्हते, पडद्यावर ०.० दिसत होते. इंजेक्शनच्या गाडीत पाय पूर्ण सोडलेला असेल, गाडी गिअरमध्ये असेल आणि इंजिनाचे फेरे ठरावीक आकड्याच्या वर असतील, तर संगणक इंजेक्टर बंदच करतो. उतारावर चाकेच इंजिनाला फिरवत असतात, त्याला पेट्रोलची गरज नसते. दोन वळणांवर फेरे खाली गेले तेव्हा आकडा क्षणभर उमटला आणि पुन्हा शून्य झाला. न्यूट्रलमध्ये उतरताना सुमारे शंभर मिलिलिटर, म्हणजे चहाच्या पेल्याएवढे पेट्रोल गेले होते, आणि गिअरमध्ये जवळजवळ काहीच नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत ही सोय नव्हती, म्हणून ही समजूत तेव्हापासून चालत आली असावी. अगदी सौम्य उतारावर, जिथे गिअरमध्ये गाडी थांबायला बघते आणि पुन्हा पाय द्यावा लागतो, तिथे हे गणित थोडे बदलते, हेही त्या यंत्रावर दिसले. पण त्यासाठी न्यूट्रलची सवय लावून घ्यावी असे मला वाटत नाही. आण्णा घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. जेवताना मात्र त्यांनी आईला सगळा प्रसंग दोनदा सांगितला.

त्याच यंत्राने आणखी दोन सवयी मोडल्या. सकाळी गाडी चालू करून पाच मिनिटे तापत ठेवायची आणि मग निघायचे, ही पहिली. थंड इंजिनाचा धूर सर्वांत घाण असतो, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापेपर्यंत काम करत नाही, आणि गाडी जागेवर उभी असताना तो तापायला जास्त वेळ लागतो. अर्धा मिनिट थांबून निघायचे आणि पहिले दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवायची, हे पुरते. यातूनच पुढे असे सुचले की दळण, दूध, भाजी अशा अर्ध्या किलोमीटरच्या फेऱ्यांत गाडी कधी तापतच नाही. त्या आता पायी होतात. दुसरी सवय उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवण्याची. सप्टेंबरात कासच्या फुलांसाठी गेलो होतो. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेले ते पठार, आणि त्याच्या कडेला एकामागे एक पन्नास-साठ गाड्या, प्रत्येकीचा एसी चालू. आम्ही इंजिन बंद करून काचा खाली केल्या, तर बाहेर अठरा-वीस अंशांचा गार वारा होता.

महामार्गाचे एवढेच सांगतो की पुण्याला बहिणीकडे जाताना मी पूर्वी शंभर-एकशे दहाने जात असे, आता ऐंशीने जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो; ऐंशीच्या तुलनेत एकशे दहाला तो जवळजवळ दुप्पट होतो. त्या प्रवासात सरासरी १७ वरून २१ वर गेली. वाचवलेली दहा-पंधरा मिनिटे मी परतताना खंबाटकी घाटात एखाद्या बंद पडलेल्या ट्रकमागे उभा राहून नेहमीच परत करत असे, त्यामुळे तीही गेल्याचे दुःख नाही.

ज्याचा उपयोग झाला नाही तेही लिहून ठेवले आहे. टाकीत ओतायचे एक औषध, महागडे पेट्रोल आणि नवा एअर फिल्टर, या तिन्हींनंतरच्या तीन-तीन टाक्यांत सरासरी हलली नाही. फिल्टरचे मला आश्चर्य वाटले होते. पण आत येणारी हवा मोजूनच संगणक पेट्रोल सोडतो, त्यामुळे फिल्टर तुंबला तर गाडीची ताकद कमी होते, मिश्रण बिघडत नाही, असे मिस्त्रींनी समजावले. फिल्टर बदलायचाच, पण पेट्रोल वाचावे म्हणून नाही. उलट पंपावरच्या २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने सरासरी थोडी खाली ओढली. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, तेव्हा ते व्हायचेच होते. ज्या ट्रॉल्यांमागे मी रोज अडकतो त्यांतला ऊस थोडाफार माझ्याच टाकीत येतो आहे, ही कल्पना मात्र आवडली.

धुराचे वजन ही गोष्ट मुलीमुळे वहीत आली. ती अकरावी विज्ञानला आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे मी वाचून सांगितल्यावर आण्णांनी हरकत घेतली, "लिटरभर पेट्रोल पाऊण किलोसुद्धा भरत न्हाई, त्याचा सव्वादोन किलो धूर कसा हुईल?" हरकत चोख होती आणि मला उत्तर येत नव्हते. मुलीने वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवले: पाऊण किलोतला सुमारे साडेसहाशे ग्रॅम कार्बन असतो, त्याचा प्रत्येक अणू जळताना हवेतल्या प्राणवायूचे दोन अणू उचलतो, आणि बारा ग्रॅम कार्बनचे चव्वेचाळीस ग्रॅम होतात. म्हणजे वाढीव वजन हवेतून आले. तेव्हापासून वहीत लिटरच्या पुढे किलोचा एक रकाना आहे.

त्या रकान्यात सर्वांत मोठी घट दिसते ती गाडी न चालवल्याने. आठवड्यातून एक दिवस मी एसटीने जातो आणि एका दिवशी दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांच्या गाडीतून. महिन्याचे ११०० किलोमीटर ८५० वर आले. वर्षाअखेरीस सरासरी १८.१ झाली तेव्हा आण्णांना मोठ्या अभिमानाने सांगितले की माझे केपीटीएल एकशे एक्याऐंशी आहे. ते म्हणाले, "आमचं पन्नासच्या आत असायचं. पण मागं पन्नास माणसं बसलेली असायची." यावर मी काही बोललो नाही.

ऑइलची गोष्ट मात्र मला अजून टोचते. एक काळ असा होता की मी घरीच ऑइल बदलायचो आणि निघालेले तीन लिटर काळे तेल कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून बुंध्याशी ओतायचो. तिथे आजही गवत उगवत नाही. गॅरेजमधले तेल कुठे जाते हे या वर्षी प्रथमच विचारले, तर कोपऱ्यातल्या पिंपाकडे बोट दाखवून मिस्त्री म्हणाले की सेंट्रिंगवाले घेऊन जातात, प्लेटांना लावायला. त्या प्लेटा पावसात धुतल्या की तेल मातीत. वापरलेले इंजिन ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. खूप शोधल्यावर एक वर्कशॉप मिळाले, जिथे जमा तेलाची उचल नोंदवहीत लिहिलेली असते. ऑइल आता तिथेच बदलतो, आणि माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे दहा हजार किलोमीटरला. पूर्वी कुणीतरी सांगितले म्हणून पाच हजारांना बदलत होतो, म्हणजे दुप्पट तेल वाया घालवत होतो. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या खालून डिझेलचा फवारा मारून घेणेही तेव्हाच बंद केले.

धुण्याचे तसेच. तरुणपणी आम्ही मित्र संगम माहुलीला नदीच्या कडेने गाड्या लावून कृष्णेत धुवायचो. पाण्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग उठायचा आणि तो आम्हाला सुंदर वाटायचा. नंतर दारात नळी आली. खंडेनवमीला नळीखाली बादली धरून मोजले, तेव्हा मिनिटाला बारा लिटर पाणी येत होते, आणि माझे गाडी धुणे पंचवीस मिनिटे चालत असे. कास तलावातून डोंगर उतरून आलेले तीनशे लिटर पाणी मी एका पूजेसाठी गटारात सोडत होतो. आता दोन बादल्या आणि दोन फडकी. झेंडूची माळ तेवढ्यावरही शोभते.

एवढे सगळे झाल्यावर फेब्रुवारीत वर्षाचा ताळा मांडला. दुरुस्तीनंतरच्या १५.४ च्या सरासरीने महिन्याला ७१ लिटर लागले असते, आता ४७ लागत होते. वर्षाचे सुमारे २९० लिटर, म्हणजे शुद्ध पेट्रोल धरून ६७० किलोंच्या आसपास धूर कमी. आकडा पाहून मी खूश होतो. त्याच आठवड्यात एसीची हवा कोमट येऊ लागली, कारण उन्हाळा आला की आमच्या गाडीचा गॅस संपलेला असतो. गेली दोन वर्षे मी एका दुकानात जाऊन तो नुसता भरून आणत होतो. या वेळी जुनी पावती हाताशी होती: आर-१३४ए, ४५० ग्रॅम. मुलीने सहज शोधून सांगितले की हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट उष्णता धरून ठेवतो. गुणाकार मीच केला. साडेसहाशे किलोंच्या थोडा खाली आला.

मी तो तीनदा करून पाहिला. गाडीतून एका वर्षात निसटलेला अर्धा किलोहून कमी गॅस माझी वर्षभराची चार-चार मिनिटे, दोन बादल्या आणि एसटीच्या फेऱ्या मिळून झालेली बचत जवळजवळ पूर्ण खाऊन टाकत होता, आणि असे दोन उन्हाळे झाले होते. गॅस संपतो ही कल्पनाच चुकीची आहे. बंद नळ्यांत तो फिरत राहतो, कमी झाला तर कुठून तरी गळतोच. मिस्त्रींना आधी गळती शोधा, मग गॅस भरा, असे सांगितले. त्यांनी नळ्यांच्या सांध्यांना साबणाचा फेस लावला. कंडेन्सरजवळच्या सांध्यावर मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येऊ लागले. आतली रबरी ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. तिची किंमत चाळीस रुपये. उरलेला गॅस व्हॉल्व्ह उघडून फुस्सकन हवेत सोडायची तिथली रीत होती. तसे करू दिले नाही; यंत्राने ओढून घेणारे दुकान शोधून गाडी तिकडे नेली, आणि त्यात एक अख्खा दिवस गेला.

या मार्चमध्ये पीयूसीला गेलो तेव्हा केंद्रावर तोच मुलगा होता. आकडा ०.०४ आला. ती पावती वहीच्या पहिल्या पानावर, नापासाच्या पावतीशेजारी चिकटवली आहे. एसी अजून थंड आहे. तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसाच राहतो का, हे बघण्यासाठी फेब्रुवारीच्या पानावर आत्ताच एक खूण करून ठेवली आहे.